कोण गेलं रे, परशू?

रामनगरात परशूची ओम्नी गल्लीत शिरली की बायका हातातलं काम टाकून दारात येतात. कुणाचे हात कणकेचे, कुणाच्या ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला. गाडीच्या टपावर दोन कर्णे बांधलेले असतात, एक पुढे तोंड करून, एक मागे. कर्ण्यातून अजून शब्द फुटलेला नसतो, नुसती खरखर ऐकू येते, तोवर एक बाई दुसरीला विचारते, "कोण गेलं गे?"

गेली आठ-नऊ वर्षं हे असंच चाललं आहे. जोयडा तालुक्यात माणूस गेलं की भावकीला कळवायचं कसं, हीच पहिली पंचाईत. रानातल्या निम्म्या गावांत फोनला रेंज नाही. मग परशूला निरोप येतो. परशू गाडी काढतो, माईक तोंडाशी धरतो, दोनदा खाकरतो आणि एकेक शब्द सुटा करून, सावकाश सांगतो, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की..." पुढे गेलेल्याचं नाव दोनदा, गाव एकदा, मातीची वेळ, आणि शेवटी 'कळवणार, परशू'. तेवढं सांगून गाडी पुढे जाते. मयताच्या घरी कुणी चहा पुढे केला तर तो उभ्यानेच घेतो आणि निघताना मागे वळून 'येतो' म्हणत नाही. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. दुःखाच्या घरी पुन्हा यायची वेळ येऊ नये, म्हणून.

पण परशूचा हा आवाज काही मरणासाठी घडलेला नव्हता.

बावीस वर्षांचा होता तेव्हा महाबळेश्वर शेटनी त्याच्या हातात माईक दिला. शेटचं श्री भाग्यलक्ष्मी टॉकीज, त्यांच्या आईच्या नावाचं. पत्र्याचं छप्पर, तीनशे खुर्च्या, मधोमध लाकडी कठडा आणि कठड्याच्या डाव्या अंगाला बायका. त्या साली अभयराजचा पहिला मोठा पिच्चर लागला. परशू आधी फक्त बसवरून रिळांच्या पेट्या उतरवून आणायचा. माईकवर बोलणारा माणूस तापाने पडला म्हणून शेट म्हणाले, "जा बघू तू." परशू गेला आणि गाडी गल्लीत शिरताच घसा फाडून ओरडला, "येतोय, येतोय, येतोय! कोण येतोय?"

मागून धावणारी पोरं ओरडली, "अभयराज!"

त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पण त्या दिवसापासून तेच ठरलं. परशूने विचारायचं, "कोण येतोय?" आणि गावाने नाव घ्यायचं. गुंद, नंदिगड्डे, अणशीपर्यंत गाडी जायची. कापणी उरकली की तिकडून टेंपो भरून माणसं यायची. बायका भाकरी बांधून यायच्या. पडद्यावर अभयराजची चप्पल दिसली तरी शिट्ट्यांनी पत्रा थरथरायचा. दारावर 'हौसफुल'ची पाटी टांगायचा मानही परशूचाच. पाटी टांगली की तो दोन पावलं मागे सरून तिच्याकडे बघायचा. केशर लग्न होऊन खानापूरकडून आली तेव्हा पहिल्या आठवड्यात त्याने तिला बायकांच्या बाजूला बसवून पिच्चर दाखवला आणि घरी आल्यावर विचारलं, "कसा वाटला?"

"कोण, हिरो?"

"न्हाई, आवाज. बाहेर माईकवर मी हुतो की."

केशर अजून हे सांगून हसते. म्हणजे परवापरवापर्यंत हसायची.

पुढे पिच्चर घराघरात आला, मग हातातल्या फोनमध्ये आला. टॉकीज कधी चालू, कधी बंद. परशूचा माईक महिनोन्‌महिने फडक्यात गुंडाळून पडायचा. मग एकदा टॉकीजचा जुना गेटकीपर वारला. अणशीकडच्या त्याच्या माणसांना कळवायला कुणी नव्हतं, तेव्हा परशू आपणहून गाडी घेऊन गेला. मातीला एवढी माणसं जमली की घरच्यांनी त्याचे पाय धरले. त्यानंतर लोक बोलवायलाच लागले. परशू नाही म्हणू शकला नाही. मेलेल्या माणसाचा निरोप पोचवणं हे पुण्याचंच काम. त्याला नाही कसं म्हणायचं?

यंदा माघ संपता संपता शेटनी त्याला बोलावणं धाडलं. शेट आता सत्तरीच्या पुढचे, गुडघेदुखीने घरात बसलेले. शेजारी मुलगा ओंकार उभा.

"परशू, बस," शेट म्हणाले. "टॉकीजच्या जागेत सिमेंटचं गोदाम करायचं ह्याच्या मनात हाय. मी अजून हो म्हटलेलं न्हाई. शुक्रवारी अभयराजचा नवा पिच्चर लावतोय. तीनशातल्या दीडशे खुर्च्या पहिल्या खेळाला भरल्या, तर मी हयात हाय तोवर टॉकीजला हात लावू देणार न्हाई. न्हाई भरल्या तर शटर खाली. मग मला काय सांगायला यायचं न्हाई."

परशूचे डोळे एकदम लकाकले. "दीडशे? शेट, अभयराज हाय. बाहेर बाकं टाकायला लागतील."

ओंकार वाईट पोरगा नव्हे. अदबीनेच बोलला. "काका, हिरोच्या नावावर पिच्चर चालायचे दिवस गेले. गेल्या साली बेळगावात देवीचा एक पिच्चर पाच आठवडे चालला. त्यात ओळखीचं एक तोंड न्हवतं. ह्यानं त्याला सांगितलं, त्यानं ह्याला. आणि दिवाळीला एवढा मोठा हिरो आला, तर सोमवारी खुर्च्या ओस. आता लोकं गोष्ट बघायला जातात."

"मग मी माईकवर काय म्हणू?"

"गोष्ट सांगायची. थोडक्यात."

परशू हसला. "ओंकार, माझी गाडी एका घराम्होरनं जायला किती वेळ लागतो ठावं हाय? तू एकदा खोकशील तेवढा. तेवढ्यात गोष्ट सांगायला हुत न्हाई. तेवढ्यात एकच बसतं. नाव. नाव मोठं असलं तर माणूस चूल सोडून येतंय."

ओंकार सहज बोलून गेला, "नाव तर तुमी आताही सांगताय की काका. मयताचं. आणि त्याला माणसं येत्यातच."

त्याच्या मनात काही खोट नव्हती. पण परशूला ते छातीत लागलं. तो तडक घरी आला. केशरने पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा म्हणाला, "केशर, मला एकदा माणसास्नी हसत हसत बोलवायचं हाय. एकदाच. मग टॉकीज राहू दे न्हाईतर जाऊ दे."

पण टॉकीज जाऊ दे हे त्याचं खरं नव्हतं. टॉकीज गेलं की त्याच्या माईकला फक्त मरणच उरणार होतं, आणि हे दोघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परसात माडाखाली माईक धरून उभा राहिला. वायर जोडली नव्हती, नुसता सराव. केशर तांदूळ धूत होती.

"येतोय... येतोय... येतोय..."

केशरचा हात तांदळात थांबला. "अवं, हे येतोय म्हणताय का गेलाय म्हणताय?"

"का?"

"गळा काढल्यागत ऐकू येतंय. जरा पळवा की."

परशूने पळवून बघितलं. शब्द एकमेकांवर आदळले. पुन्हा सावकाश घेतलं, तर जिभेने आपोआप एकेक शब्द सुटा केला. नऊ वर्षांची चाल लागली होती, ती एका सकाळीत कुठली मोडणार? तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या शांतीने मान वर काढली. डोक्यावर पदर घेतलेला, चेहरा आधीच पडलेला.

"केशरक्का, कोण गेलं वो?"

"कोण न्हाई गेलं बाई," केशर फणकारली. "येणार हाय एकजण. मुंबईसनं. तुझ्यासाठनंच येतोय, वेणी घालून बस."

शांती पदर तोंडाला लावून हसत पळाली. परशूही हसला. पण माईक त्याने खाली ठेवला.

मग केशरनेच त्याला देवीपुढे नेलं. आपल्याकडे मोठं काम काढलं की कौल घेतल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. केशरने वाटेतच बजावलं होतं, "देवाला आडून विचारू नये. काय हवं ते सरळ बोला." परशूने हात जोडले. आयुष्यभर माईकवर बोललेला माणूस, पण देवीपुढे त्याला शब्द सापडेनात. शेवटी एवढंच बोलला, "आई, माझ्या हाकेला माणसं येतील काय? येणार असतील तर उजवा दे."

बराच वेळ काही हललं नाही. समईची वात तडतडली. आणि उजव्या खांद्यावरची पाकळी सरकली, घरंगळली, पायाशी पडली.

केशरच्या डोळ्यांना पाणी आलं. तिच्या मनात आलं, टॉकीजचं नाव घेऊन विचारायला हवं होतं. पण कौल एकदा मिळाला की तोच प्रश्न पुन्हा फिरवून विचारत नाहीत. दोघं तीर्थ घेऊन बाहेर आली.

बुधवारी परशू रानातल्या फेरीला निघाला. गाडीला झेंडूचं तोरण, पुढच्या काचेवर अभयराजचं मोठं चित्र, आणि पेनड्राइव्हवर त्याची जुनी गाणी. केशरने चित्राला कुंकू लावायला हात उचलला होता. "देव न्हवे त्यो," म्हणून मागे घेतला आणि ते कुंकू गाडीच्या स्टिअरिंगला लावलं.

जोयड्यापर्यंत गाणी वाजली. शाळेची पोरं हात हलवत राहिली. पुढे वनखात्याच्या नाक्यावर गार्ड म्हणाला, "अण्णा, इथनं म्होरं गाणं बंद. जनावरं बिथरतात." परशूने मुकाट्याने बटण फिरवलं. रान ओलांडून गुंदच्या शिवारात आला तेव्हा गाणं पुन्हा लावायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. मनात सगळा वेळ आवाज घोळत होता. पळवायचा, पळवायचा. गावाच्या तोंडाशी त्याने माईक उचलला. आणि सवयीने दोनदा खाकरला.

तिथेच घात झाला.

गुंदला पहिलंच घर बाळीचं. बाळी सत्तरीची. तिचा नवरा गणपती दीड वर्षापूर्वी गेला, त्याचं नाव याच कर्ण्यातून, याच आवाजाने सांगितलं गेलं होतं, आणि त्या मातीला अणशीपासून माणसं आली होती. आज तिच्या घरी नातीचं बारसं होतं. अंगणात मांडव होता, तीन दगडांच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात गव्हल्यांची खीर शिजत होती. परशूचं खाकरणं ऐकलं आणि बाळीने पुढचा शब्द ऐकायची वाटच पाहिली नाही. मरणाची बातमी आली की पेटती चूल विझवायची आणि शिजत्या अन्नाला हात लावायचा नाही, एवढंच तिला सुचलं. हंड्यातल्या पाण्याची कळशी भरली आणि चुलीवर ओतली. धूर उठला, राख उडाली, खिरीत पडली.

"येतोय... येतोय... कोण येतोय?" कर्णा म्हणत होता.

कुणीच नाव घेतलं नाही. मांडवातली माणसं उठून रस्त्यावर आली होती. पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या. बाळी पुढे आली, हात अजून ओले.

"कोण गेलं रे, परशू?"

परशूने गाडी थांबवली. अंगणातली विझलेली चूल बघितली, पाळणा बघितला, आणि त्याला सगळं कळलं.

"कोण न्हाई गे मावशी. पिच्चर हाय. अभयराजचा. शुक्रवारी."

बाळीला ऐकू कमी येत होतं असं नाही, पण तिला ते डोक्यात घ्यायला वेळ लागला. तिने गाडीच्या काचेवरचं चित्र बघितलं, झेंडू बघितले. तिची सून मंगल मागून करवादली, "पिच्चर? पिच्चरसाठनं माझ्या लेकीच्या बारशाची चूल इझवली? काय वो अण्णा हे!"

"मी बोललोच न्हाई गे अजून..."

"बोलायला कशाला हवं! तुमचं खाकरणं ऐकलं की हितं माणसं टोप्या काढत्यात!"

बाळीने मंगलला मागे ओढलं. "गप गे. त्यो काय मुद्दाम आलाय? माझीच अक्कल." मग परशूकडे वळून म्हणाली, "बाबा, पोरीला बघून जा. आणि हे बघ, मनात ठेवू नको. आवाज तुझा देवमाणसाचा हाय. पण आता त्यो दुसरीकडंच लागलाय."

परशूने पाळण्यातल्या पोरीला लांबूनच हात जोडले, जवळ गेला नाही. पुढे नंदिगड्ड्याला त्याने माईक उचललाच नाही. गाणी लावून गाडी नुसती फिरवून आणली. गाण्याने पोरं बाहेर आली, बघून परत गेली. एका पोराने विचारलं, "काका, फोनवर कधी येणार ह्यो?" परशू म्हणाला, "माहीत न्हाई रे राजा." पोरगंच म्हणालं, "येईल पंधरा दिवसांत. रामनगरला रेंजमधी जाऊन भरून आणतो."

शुक्रवार उजाडला. परशूने टॉकीजपुढे सडा घातला, चित्राला हार घातला, नारळ फोडला. दुपारच्या खेळाला शेट स्वतः काठी टेकत येऊन दारात खुर्ची टाकून बसले. हौसफुलची पाटी परशूने सकाळीच पुसून आत, दाराच्या मागे टेकवून ठेवली होती.

बाराला बेल झाली तेव्हा आत अकरा माणसं होती. बसस्टँडवरचे तीन हमाल, सावलीला आलेले. खानापुराहून आलेली दोन पन्नाशीची माणसं, अभयराजचे जुने वेडे, चित्रावर ओतायला दूध घेऊन आलेली. कॉलेजची एक जोडी, सगळ्यात मागे. एक म्हातारा, जो येऊन बसला आणि झोपला. ओंकारचे दोन मित्र. आणि कठड्याच्या डाव्या अंगाला, बायकांच्या दीडशे खुर्च्यांत, एकटी केशर. तिने लग्नातली हिरवी साडी नेसली होती.

दिवे गेले. चांगल्या वीस मिनिटांनी अभयराज आला. आधी नुसते बूट, मग धूळ, मग पाठ. आणि मग तो वळला. वळला आणि तसाच उभा राहिला. संगीत थांबलं. पडद्यावर वारासुद्धा थांबल्यासारखा झाला. पिच्चर बनवणाऱ्यांनी तिथे मुद्दाम जागा सोडली होती, शिट्ट्यांसाठी. लोक ओरडतील, पैसे फेकतील, नाचतील, आणि ते शांत झाले की हिरो पहिलं वाक्य बोलेल, एवढी ती जागा होती.

त्या जागेत आज काहीच नव्हतं. पंख्याचा आवाज येत होता. म्हातारा घोरत होता. पडद्यावर एवढा मोठा माणूस कुणाची तरी वाट बघत उभा होता.

मग दाराजवळच्या अंधारातून शिट्टी आली. एकच, लांब, जुन्या पद्धतीची, दोन बोटं तोंडात घालून मारलेली. मागच्या भिंतीवर आपटून ती परत आली. केशरने वळून बघितलं नाही, नवऱ्याची शिट्टी तिला ओळखू आली. तिने पदराचा बोळा केला, तोंडात धरला, आणि हिरवी साडी पुढे ओली होत गेली.

खेळ सुटल्यावर शेट कुणावर रागावले नाहीत. परशूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "झालं रे परशू. तुझं काय चुकलं न्हाई, अभयराजचंही न्हाई. लोकं बदलली." मग थोडं थांबून म्हणाले, "सोमवारी एक फेरी मार. टॉकीज बंद झालं म्हणून सांग, आणि खुर्च्या ज्या मंडळास्नी, देवळास्नी हव्या असतील त्यांनी येऊन न्याव्यात. फुकटच. आईच्या नावानं जातील."

सोमवारी परशूने ते कागदावर लिहून घेतलं. साधं होतं : टॉकीज बंद, खुर्च्या न्या. कागद त्याने समोर काचेला चिकटवला. पण माईक तोंडाशी गेला आणि तोंडाने आपलंच काढलं.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की..."

थांबला. पुढे नाव घ्यायचं असतं. आजवर हजार नावं घेतली असतील, एकदाही अडखळला नव्हता. स्वतःच्या बापाचं नाव घेतलं तेव्हाही नाही.

"श्री... श्री भाग्यलक्ष्मी..." आणि आवाज फुटला. नळीत पाणी अडकल्यासारखा नुसता घळघळ आवाज कर्ण्यातून बाहेर पडला. टॉकीज हा शब्द त्यात बुडाला. त्याने डोळे पुसले, खुर्च्यांचं कसंबसं सांगितलं, आणि शेवटी नेहमी म्हणतो ते म्हणाला, "कळवणार, परशू." तशीच फेरी पुरी केली. जोयडा, नंदिगड्डे, गुंद, अणशी. प्रत्येक गावात तिथेच आवाज फुटत राहिला.

बुधवारी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, केशर दार सारवत होती. पहिली बस येऊन गेली होती. रस्त्याच्या वळणावर तिला बाळी दिसली. मागे मंगल, कडेवर तान्ही पोर, आणि गुंदची आठ-दहा माणसं. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात तांदळाची पुरचुंडी. बाळीच्या डोक्यावर फडक्याने बांधलेलं पातेलं. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शिजवून आणलेला भात. सगळी खाली मान घालून, न बोलता येत होती.

बाळीने अंगणात पाऊल टाकलं, वर बघितलं, आणि शेणाच्या हातांनी उभी केशर दिसताच जागीच बसली.

"अगं बया! तू हायस व्हय गे?"

"मी कुठं जाणार मावशी?"

"आगं, परशू रडत हुता गे कर्ण्यात! नऊ वर्सांत कुणाच्या नावाला रडला न्हाई. आमच्या धन्याच्या नावालासुदिक न्हाई. नाव काय नीट कळलं न्हाई, मातीची वेळबी न्हाई, भाग्य का काय म्हणाला आणि लागलीच परशू. मी म्हटलं, हेच्याच घरचं गेलं. म्हटलं, केशरच गेली." बाळीने कपाळावर हात मारून घेतला आणि हसली, आणि हसता हसता रडली. "रातभर तुझ्या नावानं रडलो गे मी. मंगल तर जेवली न्हाई."

"जेवले की थोडी," मंगल पुटपुटली.

तोवर नंदिगड्ड्याची माणसं आली. मग अणशीची. मग गावातली, ज्यांना ठाऊक होतं की कुणी मेलेलं नाही, पण एवढी माणसं बघून तीही आली. शांती आली. महाबळेश्वर शेट काठी टेकत आले आणि अंगणाच्या कडेला दगडावर बसले. पाय ठेवायला जागा उरली नाही. परशू आतून बाहेर आला, दाढी वाढलेली, आणि उंबऱ्यातच थांबला.

बाळीने तेच विचारलं, पण या वेळी हळू. "कोण गेलं रे, परशू?"

"कोण न्हाई मावशी," परशू म्हणाला. मग म्हणाला, "टॉकीज गेलं."

कुणी हसलं नाही. बाळीने अंगणात बसकण मारली. "आलोय तर बसतो," म्हणाली. बाकीची माणसंही बसली. मयताच्या घरी बसतात तशीच, मधे जागा सोडून.

मग परशूनेच विचारलं, सगळ्यांना नाही, बाळीलाच. "मावशी, खरं सांग. तुमी टेंपो भरून यायचा, ते कशापायी? अभयराजसाठनं, का माझ्या आवाजापायी?"

बाळीने त्याला खोटं सांगावं असं केशरला फार वाटलं.

बाळी खोटं बोलली नाही. "कुठला अभयराज रे बाबा? मला त्याचं तोंडसुदिक आठवत न्हाई. आणि आवाज तुझा बाहेर, आत कुणाला ऐकू येतोय? आत अंधार असायचा. बसायला खुर्ची असायची, आपली सोताची. तीन तास कुणी 'पाणी आण' म्हणायचं न्हाई. शेजारी सावित्री, तिच्या शेजारी गुंदची सारी. एकजण रडली की सगळ्या रडायच्या. घरी रडायला कुठं मिळतंय? म्हणून यायचो आमी."

परशूने मान हलवली. तीस वर्षं तो समजत होता की नावाने खुर्च्या भरतात. शेवटच्या दिवसांत त्याच्या मनाने चोरून एक दुसरीच आशा धरली होती, ती या दोन वाक्यांत गेली. तो भिंतीला टेकून खाली बसला. केशर जाऊन त्याच्या शेजारी बसली, शेणाचे हात तसेच.

समोर अंगण भरलेलं होतं. तिच्या मनात देवीच्या उजव्या खांद्यावरची पाकळी आली. माझ्या हाकेला माणसं येतील काय, एवढंच त्याने विचारलं होतं. देवी खोटं बोलली नव्हती. केशरने मनातल्या मनात हात जोडले, पण ओठांवर देवीचं नाव येईना.

भात वाढला गेला. दुखवट्याचा भात अळणीच असतो, कुणी मीठ मागितलं नाही. मंगलने तान्ही पोर परशूच्या मांडीवर दिली. "बारशाला लांबनंच गेलासा, अण्णा. घ्या आता." पोरीने त्याचं बोट धरलं. त्याने विचारलं, "नाव काय ठेवलं?"

"रक्षा."

"रक्षा," परशू म्हणाला. मग पुन्हा एकदा म्हणाला, "रक्षा." नाव दोनदा घ्यायची सवय. आणि दचकून त्याने पोरीला आईकडे परत दिलं.

उन्हं कलली तशी बसची वेळ झाली. बाळी गुडघ्यांवर हात ठेवून उठली. पातेलं रिकामं झालं होतं, ते केशरने विसळून दिलं. दारापर्यंत केशर आणि परशू सोडायला गेले. घरात कुणी मेलं नव्हतं. बाळी 'येतो' म्हणू शकली असती, तिला कुणी दोष दिला नसता. परशू तिच्या तोंडाकडे बघत उभा होता.

बाळीने त्याच्या गालावरून हात फिरवला, पदर डोक्यावर ओढला आणि काही न बोलता पायरी उतरली. तिच्यामागून बाकीची माणसंही, एकेक करून. कुणीच 'येतो' म्हटलं नाही.